डोंगरातल्या पोरापोरींनी माउंटेनियरिंगचा कोर्स कसा करायचा

डोंगरात वाढलेल्यांना चढायला शिकवावं लागत नाही, पण ट्रेक लीडर किंवा रेस्क्यूचं काम हवं असेल तर हातात सर्टिफिकेट हवंच, म्हणून आधी २८ दिवसांचा बेसिक कोर्स करा, उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये (सुरुवात १९६५) नाहीतर दार्जिलिंगच्या एचएमआयमध्ये, म्हणजे हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये (१९५४). फॉर्म कित्येक महिने आधीच भरा, सीटा पटापट भरतात. मेडिकल सर्टिफिकेटही लागतं.

तयारी आत्तापासूनच, रोज पळा आणि पाठीवर वजन घेऊन चढा, मोकळं चढणं वेगळं असतं बरं का. फिगर एटची गाठ (इंग्रजी 8 सारखी दिसणारी, दोर कमरेच्या पट्ट्याला बांधायची) घरीच दोरी घेऊन इतकी घोटा की डोळे मिटूनही बांधता येईल, कारण बर्फात ग्लोव्ह्ज घालून तीच बांधायची असते. आणि बेसिकला 'ए' ग्रेडसाठी जीव तोडून मेहनत करा, ती मिळाली तरच पुढे ॲडव्हान्सला घेतात.