दाबोळी की मोपा? गोव्याचं स्वस्त तिकीट काढताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे पाच जण मुंबईहून गोव्याला गेलो. तिकिटं मी काढली. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, जुना दाबोळी आणि नवा मोपा. दाबोळीपेक्षा मोपाचं तिकीट जाऊन-येऊन माणशी साडेचारशेने स्वस्त दिसलं. पाच जणांचे सव्वादोन हजार वाचले म्हणून मी खूश होतो. खोली मात्र पाळोळ्याला घेतली होती. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, पाळोळे दक्षिण टोकाला. रात्री साडेनऊला विमान उतरलं, सामान घेऊन टॅक्सीत बसेपर्यंत सव्वादहा झाले आणि पाळोळ्याला पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. आईचे गुडघे आखडले होते, धाकटीला गाडीत दोनदा उलटी झाली. पाच माणसं आणि सामान, म्हणून मोठी गाडी करावी लागली. येता-जाता मिळून दाबोळीच्या मानाने साडेतीन हजार रुपये जास्त गेले. पैशांचं एक वेळ सोडा, पण गाडीतून उतरताना आईला दोघांनी धरावं लागलं, ते आजही मनाला लागतं. म्हणून हे सगळं नीट मांडतोय.

तिकीट आधी, खोली नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोवा छोटा आहे, कुठेही उतरलं तरी काय फरक पडतो, असं आपण धरून चालतो. पण उत्तर-दक्षिण गोवा शंभर किलोमीटरच्या आसपास लांब आहे, आणि ते अंतर नद्या, गावं, वळणं यांतून कापायचं असतं. मोपा ते पाळोळे साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे अडीच ते तीन तास. दाबोळीहून तेच पाळोळे साठ-पासष्ट किलोमीटरवर येतं.

म्हणून आधी राहायचं गाव ठरवा. हरमल, मांद्रे, मोरजी, आश्वे ही पेडणे तालुक्यातली गावं. तिथे जायचं तर मोपाला दुसरा पर्याय शोधूच नका. कोलवा, बाणावली, वार्का, केळशी, आगोंद, पाळोळे या बाजूला जायचं तर दाबोळी. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथे कुलदैवताला जाणाऱ्यांनाही दाबोळीच सोयीचं, कारण फोंडा तालुका तिथून जवळ पडतो. देवदर्शनाला निघालेल्या घरात बहुतेक वेळा म्हातारी माणसं असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत मी तिकिटातले पाचशे-सातशे रुपये बघणारच नाही.

खरा प्रश्न मधल्या पट्ट्याचा आहे. पणजी दोन्हींच्या मधे येते, दाबोळीला थोडी जवळ. कळंगुट, बागा, कांदोळी, हणजूण इथे राहणाऱ्यांना दोन्ही चालतात. हणजूण-वागातोरकडे मोपाचं पारडं जड, कांदोळीकडे फरक जवळजवळ मिटतो. या पट्ट्यात राहत असाल तरच तिकिटाच्या किमतीवर निर्णय सोडा. पूर्वी दाबोळीहून उत्तरेकडे येताना कुठ्ठाळीला जुवारीच्या पुलावर तासन् तास अडकायला व्हायचं. नवा पूल झाल्यापासून तो त्रास बराच कमी झाला आहे. पर्वरीची संध्याकाळची कोंडी मात्र वेळेत धरा.

नुसतं ‘गोवा’ वाचून पैसे भरणं

तिकीट शोधताना ‘गोवा’ टाइप केलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात आणि सगळ्यात स्वस्त वर दिसतं. विमानतळाची तीन अक्षरं बारीक टायपात असतात. जीओआय म्हणजे दाबोळी, वास्कोजवळचा जुना विमानतळ, नौदलाच्या आयएनएस हंसा तळावरचा. जीओएक्स म्हणजे मोपा, मनोहर पर्रीकरांच्या नावाचा नवा विमानतळ, जिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. शेवटच्या अक्षराचा फरक, पण दोन्हींमधलं अंतर साठ-पासष्ट किलोमीटर.

जास्त फसगत परतीच्या तिकिटात होते. जाताना दाबोळी, येताना मोपा अशी जोडी पुष्कळदा सगळ्यात स्वस्त पडते. ती घेण्यात चूक काही नाही. पण चार दिवस फिरून झाल्यावर माणूस सवयीने उतरलो तिथेच परत जातो. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. चुकीच्या विमानतळावर पोचल्याचं लक्षात आल्यावर दुसरीकडे धावून विमान मिळणं जवळजवळ अशक्य. तिकीट आलं की परतीच्या विमानतळाचं नाव मराठीत लिहून घरच्यांच्या ग्रुपवर टाका, आणि टॅक्सीवाल्याला फक्त ‘एअरपोर्ट’ न सांगता ‘मोपा’ किंवा ‘दाबोळी’ असं स्पष्ट सांगा.

टॅक्सीला मुंबईचा दर धरणं

गोव्यात मुंबई-पुण्यासारखी ओला-उबर मिळत नाही. तिथे गोवामाईल्स हे ॲप आहे, विमानतळावर टॅक्सीचे काउंटर आहेत, आणि भाडं आपल्या सवयीपेक्षा चांगलंच जास्त असतं. तेव्हा हिशेब असा करा: दोन्ही विमानतळांपासून तुमच्या खोलीपर्यंतचं टॅक्सीभाडं खोलीच्या मालकाला फोन करून विचारा. मालकाला खरा दर माहीत असतो, पुष्कळदा ओळखीचा गाडीवालाही असतो. दोन भाड्यांमधल्या फरकाची दुप्पट करा आणि एकूण माणसांनी भागा. माणशी तिकिटात यापेक्षा जास्त वाचत असेल तरच लांबचा विमानतळ परवडतो. एकट्याने किंवा दोघांनी जाणाऱ्याला हा हिशेब फार कडक बसतो. चौघांत टॅक्सीचा भार वाटला जातो, पण पाचवा माणूस आला की गाडीच बदलते आणि गणित फिरतं. आमचं तिथेच फिसकटलं.

कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसगाड्या दोन्ही विमानतळांवरून आहेत आणि टॅक्सीच्या मानाने अगदी स्वस्त आहेत. पाठीवर एक सॅक एवढंच सामान असेल तर मी डोळे मिटून बस घेईन. फक्त बसच्या वेळा विमानाशी जुळतीलच असं नाही, आणि रात्री उशिरा उतरणाऱ्याने बसवर भिस्त ठेवू नये.

भाड्याच्या स्कूटरचा बेत असेल तर गावात पोचून घ्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी भाड्याची असते; पांढऱ्या पाटीची कोणी देत असेल तर नको म्हणा, पोलिसांनी अडवलं की दंड भरावा लागतो.

रात्रीचं आणि पहाटेचं विमान

सगळ्यात स्वस्त तिकीट बहुतेक वेळा आडवेळेचं असतं. रात्री अकराला उतरलात तर बसची खात्री नाही, टॅक्सीला रात्रीचा दर, आणि छोट्या होमस्टेचा मालक झोपलेला. त्या रात्रीच्या खोलीचे पैसेही सहा तासांच्या झोपेसाठी जातात. पहाटेच्या परतीच्या विमानाचं याहून अवघड. पाळोळ्याहून मोपाचं सकाळी साडेसहाचं विमान गाठायचं तर रात्री दोनला निघावं लागतं. असं तिकीट हातात असेलच तर शेवटची रात्र पणजीला किंवा म्हापशाला काढा. पणजीत एक संध्याकाळ फिरायला मिळते, तीही चांगली जाते.

दाबोळीचं एक वेगळं आहे. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली असते. तिथे सकाळची विमानं कमी दिसतात ती त्यामुळे. सकाळी लवकर पोचून अख्खा दिवस हाताशी हवा असेल तर मोपाला वेळा जास्त मिळतात.

तळकोकणात जाणाऱ्यांची उलटी चूक

बंगळूर, हैदराबाद, दिल्लीला नोकरी करणारी सिंधुदुर्गातली मुलं गणपतीला गावी येताना अजूनही मुंबईचं तिकीट काढतात आणि पुढे रात्रभर रेल्वेच्या वेटिंग लिस्टशी झगडतात. मोपा महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. तिथून बांदा अगदी जवळ, सावंतवाडी तासाभराच्या आत, शिरोडा-वेंगुर्लाही सोयीचं, मालवण दोन तासांच्या आसपास. चतुर्थीच्या दिवसांत ही वाट माझ्या मते सगळ्यात सुटसुटीत.

मग चिपी कशाला नाही, असं कोणीही विचारेल. परुळे-चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, आणि मालवण, कुडाळ, वेंगुर्ला या सगळ्यांना तो मोपापेक्षा जवळ आहे. पण तिथली सेवा मधे मधे बंद पडत आली आहे आणि दिवसाला विमानं मोजकीच. तिकीट मिळालं तर जरूर जा. मात्र त्याच दिवशी लग्न किंवा गणपतीची प्रतिष्ठापना असेल तर मोपाच धरा, कारण एक विमान रद्द झालं तरी तिथे दुसरं मिळण्याची शक्यता असते.

निघताना कुठून?

उतरायच्या विमानतळाचा एवढा विचार करणारेही निघायच्या विमानतळाकडे दुर्लक्ष करतात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही प्रवासी विमानं सुटू लागली. पनवेल, खारघर, उलवे इथल्या लोकांना आणि एक्स्प्रेसवेने येणाऱ्या पुणेकरांनाही ते जवळचं. बोरिवली-वसईवाल्यांनी मात्र तिकिटावर बीओएम (जुना मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत. जुन्या विमानतळाचंही टर्मिनल एक सांताक्रूझ-पार्ल्याकडे आणि दोन सहारला. मेट्रो तीनची स्थानकं दोन्हींना आहेत, फक्त योग्य स्थानकावर उतरा.

आणि ठाणे-पनवेलकरांनी एकदा रेल्वेचंही तिकीट बघावं. रात्रीच्या कोकणकन्येने थिवीला उतरलं की म्हापसा, कळंगुट जवळ. मडगावला उतरलं की दक्षिण गोवा. ठरलेल्या मर्यादेपर्यंत सामानाचे वेगळे पैसे नाहीत, एका रात्रीची खोली वाचते.

चूक झालीच असेल तर

तिकीट नुकतंच काढलं असेल तर लगेच रद्द करण्याचे आणि बदलण्याचे नियम वाचा. जितका उशीर तितकी कपात जास्त. रद्द करणं महाग पडत असेल तर खोली बदलता येते का बघा. खोलीचं रद्दीकरण पुष्कळदा फुकट असतं, विमानाचं क्वचित.

दोन्ही पक्कं झालं असेल, मोपाला उतरून दक्षिणेला जायचं असेल आणि दिवसाउजेडी पोचत असाल, तर पाळोळ्यापर्यंत अख्खी टॅक्सी करू नका. मोपाहून कदंबाच्या बसने पणजी गाठा. पणजीच्या स्टँडवरून मडगावची न थांबणारी शटल मिळते. तिचं तिकीट खिडकीवर आधी काढावं लागतं आणि रांग भराभर पुढे सरकते. मडगावला त्याच कदंबा स्टँडवरून काणकोणची बस घ्या, पाळोळे काणकोणला लागूनच आहे. उजव्या बाजूच्या खिडकीत बसू नका, दुपारचं ऊन थेट तोंडावर येतं.