‘कितेब’पासून सुरुवात करा

कामासाठी माल्टाला येणाऱ्यांनी माल्टीतलं पहिलं क्रियापद ‘कितेब’ शिकावं, असं माझं ठाम मत आहे. इथे इंग्रजीवर निभावतं. पण मी वृद्धाश्रमात काम करते, आणि आजी-आजोबांचं दुखणंखुपणं माल्टीतच कळतं.

सुरुवातीला मी कोशात ‘लिहिणे’ शोधत बसले. सापडेना, कारण माल्टीत आपल्या ‘-णे’सारखं रूपच नाही. नोंद असते ‘त्याने लिहिलं’ या रूपाची: कितेब. बोलताना शेवटचा ब प-सारखा ऐकू येतो. क-त-ब ही तीन व्यंजनं धरून ठेवली की क्तिएब म्हणजे पुस्तक, कित्तिएब म्हणजे लेखक, मिक्तूब म्हणजे लिहिलेलं, हे आपसूक उलगडतं. पुस्तक या अर्थाचा आपला ‘किताब’ याच अरबी धातूचा, फक्त तो फारसीमार्गे आला. 870 मध्ये अरबांनी हे बेट घेतलं आणि पुढे सिसिलीकडच्या अरबीतून माल्टी घडली. आज ती रोमन लिपीत लिहितात.

आता रूपं. निक्तेब (मी लिहितो किंवा लिहिते), तिक्तेब (तू), यिक्तेब (तो), तिक्तेब (ती). अनेकवचनात निक्तबू, तिक्तबू, यिक्तबू. ‘तू’ आणि ‘ती’चं रूप एकच, हे आधीच घोकून ठेवा. ‘मी’साठी नि- लागतं ही उत्तर आफ्रिकेतल्या अरबीशी असलेली नात्याची खूण; प्रमाण अरबीत तो न ‘आम्ही’चा. भूतकाळात क्तिब्त (मी आणि तू दोघांनाही), कितेब, कितबेत (ती), क्तिबना, क्तिब्तू, कितबू. आपल्या ‘पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली’सारखं इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नाही. हा मोठाच दिलासा.

पण कर्म सर्वनाम असेल तर ते क्रियापदाला येऊन चिकटतं. माझ्या वॉर्डातल्या एका आजींना गोळी दिली की त्या माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणायच्या, “इक्तिबा!” इक्तेब म्हणजे लिही, आणि शेवटचा ‘आ’ म्हणजे ‘तिला’. लिहिताना तिथे ह असतो, उच्चारात नसतो. गोळी माल्टीतही स्त्रीलिंगीच. पुढे एकदा त्यांनी बोट ठेवायच्या आत मीच म्हणाले, “क्तिब्ता”, म्हणजे ‘मी ती लिहिली’. आजींनी वही स्वतःकडे ओढली आणि ती ओळ नीट वाचून पाहिली.