बंद कारखान्यातला सरकारी पैसा वसूल करायचाय? या चुका टाळा

सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून लागलो आणि निम्मी नोकरी बंद पडलेल्या संस्थांवर अवसायक म्हणून, म्हणजे संस्था गुंडाळून देणी-येणी मिटवणारा अधिकारी म्हणून गेली. एक सूतगिरणी, एक दूध शीतकरण केंद्र, बाकी मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थांचे कारखाने. निवृत्त झालो तरी नव्याने नेमलेले अवसायक अजून फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला) कधी काढू?" माझाही उलट प्रश्न ठरलेला, "शेडमध्ये स्वतः जाऊन आलात का?" बहुतेक वेळा उत्तर नकारार्थीच येतं. सरकारचा पैसा नोटिशीतून परत येत नाही. तो यंत्रात, जमिनीत आणि दप्तरात अडकलेला असतो आणि कारखाना बंद पडल्यावर पहिल्या काही महिन्यांतच तो तिथून निसटतो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्याला 'अनुदान' म्हणू नका

गावात लोक म्हणतात, "अनुदान बुडालं." त्यांनी म्हणावं. अवसायकाने टिपणीत तसं लिहिलं की मात्र वसुली तिथेच लंगडी पडते. मागासवर्गीय औद्योगिक संस्थांच्या योजनेत प्रकल्प खर्चाची वाटणी अशी असते: ५ टक्के सभासदांचे, ३५ टक्के शासनाचं भागभांडवल, ३५ टक्के शासनाचं दीर्घमुदतीचं कर्ज, २५ टक्के बँकेचं कर्ज. सूतगिरण्यांचं प्रमाण वेगळं, सभासद, शासनाचं भागभांडवल आणि कर्ज असं ५:४५:५०. यातलं शासकीय कर्ज हे येणं आहे. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५५ खाली ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल करता येतं. भागभांडवलाचं तसं नाही. तिथे सरकार भागीदार असतं आणि भागीदाराची पाळी बाकी सगळ्यांची देणी फिटल्यावर येते.

रांग नीट समजून घ्या. कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी सगळ्यात पुढे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच हे स्पष्ट केलं आणि तो खटला साखर कारखान्यांचाच होता. त्यामागे तारणांच्या केंद्रीय नोंदणीत आपला बोजा नोंदवलेली बँक. सरफेसी कायद्याचं (बँकांना तारण मालमत्तेतून कर्ज वसूल करू देणारा कायदा) कलम २६-ई २०२० पासून लागू आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये सरकारी करांपेक्षाही अशा बँकेचा हक्क आधी धरला. त्यानंतर शासनाचं कर्ज, आणि शेवटी भागभांडवल. ही रांग न बघता कित्येक जण लिलावाच्या दुसऱ्या दिवशी मंत्रालयाला 'एवढी रक्कम जमा होईल' असं कळवून मोकळे होतात. मी पहिल्याच दिवशी एका मोठ्या कागदावर सभासद, भागभांडवल, शासकीय कर्ज आणि बँक असे चार रकाने आखायचो, प्रत्येकात किती पैसे आले, कोणत्या आदेशाने आले, कोणत्या तारखेला आले. तो कागद फाईलच्या वर लावून ठेवायचा.

'यंत्रसामग्री जागेवर आहे' एवढ्यावर पंचनामा संपवू नका

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

कापूस पट्ट्यातल्या एका जिनिंगच्या कारखान्यावर माझी नेमणूक झाली. आधीच्या अधिकाऱ्याने पंचनामा केलेला होता, पाऊण पानाचा. त्यात यंत्रांबद्दल एकच वाक्य होतं: 'शेडमध्ये यंत्रसामग्री जागेवर आहे.' खाली पाच सह्या. मी कुलूप उघडून आत गेलो तेव्हा सात जीन (कापसातून सरकी काढणारी यंत्रं) उभ्या होत्या. बाकी ठिकाणी नुसते काँक्रिटचे ओटे. ओट्यांवर फाउंडेशनचे बोल्ट गॅस कटरने कापलेले, कापलेल्या टोकांवर अजून निळसर झाक होती. कोपऱ्यात सरकी आणि धुळीने काळा पडलेला कापूस. बाहेर ट्रान्सफॉर्मरची टाकी उभी, झाकण उचललं तर आत तांब्याचं वायंडिंग नाही, तेल नाही, तळाला पावसाचं पाणी.

पुरवठादाराचं बिल चोवीस जीनचं. बँकेच्या नजरगहाण (कर्जाला तारण ठेवलेल्या यंत्रांच्या) यादीतही चोवीस. मी खडूने आकडे घालत ओटे मोजले, दोनदा मोजले. अठरा भरले. म्हणजे अकरा यंत्रं नंतर गेली, आणि सहा कधी आलीच नव्हती, कारण ज्या यंत्राला ओटाच नाही ते उभं कुठे राहणार? दप्तर बघून हे कधीच कळलं नसतं. कागदावर बिल, पोचपावती, तपासणी अहवाल, सगळं चोख होतं.

नंतर गेलेल्या अकरांचा माग पहारेकऱ्याने दिला. हा माणूस संस्थेचा सभासदच. चौदा महिन्यांचा पगार थकलेला, तरी रोज रात्री येऊन झोपायचा. माझ्या तिसऱ्या फेरीला त्याने पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. आलेल्या-गेलेल्या गाड्यांचे नंबर, तारीख, वेळ, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. तीन रात्रींच्या नोंदींपुढे एकेकच शब्द होता, 'मशीन'. मी विचारलं, आधीच्या साहेबांना का नाही दाखवली? म्हणाला, "त्यांनी इचारलंच नाही साहेब. ते गाडीतून उतरलेच नव्हते."

संस्थेचं नुकसान कुणी केलं ते ठरवून त्याच्यावर रक्कम बसवणाऱ्या कलम ८८ च्या चौकशीत दोनच पुरावे शेवटपर्यंत टिकले, ही वही आणि ओट्यांचा नकाशा. न आलेल्या सहा यंत्रांची रक्कम संचालक मंडळावर व्याजासकट निश्चित झाली. मंडळाच्या निर्णयांची जबाबदारी घेतल्याचं त्यांचं एम-२० बंधपत्र दप्तरात होतं, त्यामुळे 'मी फक्त सही केली' ही सबब चालली नाही. पूर्ण वसुली झाली असं म्हणणार नाही. पण दोघांच्या स्वतःच्या मिळकतींवर जप्ती बसली आणि त्यातून पैसे आले.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. प्रत्येक यंत्राची नेमप्लेट ओल्या फडक्याने पुसायची, अनुक्रमांक स्वतःच्या हाताने उतरवायचा, मग तो बिलाशी आणि नजरगहाण यादीशी ताडायचा. मोबाईलवर फोटो काढून शिपायाकडून यादी करून घेणारे खूप झालेत आणि त्या याद्या नुसत्या बिलाच्या नकला असतात. पूर्ण दिवस जातो, कपडे ग्रीसने खराब होतात, पण याला दुसरा मार्ग नाही. आणि पहारेकऱ्याचा पगार अवसायन खर्चातून दर महिन्याला द्या. उपाशी माणसाच्या भरवशावर तांबं राहत नाही. तो एक पहारेकरी टिकला, तो त्याचा मोठेपणा होता.

जमीन कोणाची, हे सातबाऱ्यावर बघा

दुसरी मोठी चूक. 'संस्थेची इमारत' म्हटलं की खालची जमीनही संस्थेचीच असं गृहीत धरतात. एका संस्थेत मूल्यांकन झालं, राखीव किंमत ठरली, वर्तमानपत्रात जाहिरात गेली आणि लिलावाच्या आदल्या आठवड्यात एक वकील सातबारा घेऊन आला. जमीन अध्यक्षांच्या भावाच्या नावावर. संस्थेकडे होता शंभरच्या स्टॅम्पपेपरवरचा तीस वर्षांचा भाडेपट्टा, नोंदणी न केलेला. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलेला नसेल तर त्या कागदावर हक्क उभा राहत नाही. पैसा मंजूर करताना कुणी सातबारा मागितला नाही, हप्ता सोडताना मागितला नाही, अवसायन सुरू झाल्यावरही वर्षभर मागितला नाही. शेवटी आम्ही पत्रे, छताच्या कैच्या आणि विजेच्या मोटारी विकल्या. जमीन आणि तिच्यावर पैसा ओतून उभी केलेली पक्की इमारत घरात राहिली, ती अध्यक्षांच्या.

म्हणून नेमणुकीचा आदेश हातात पडला की पहिल्या आठवड्यात तलाठ्याकडे स्वतः जा. सातबारा, आठ-अ, सगळे फेरफार काढा. जमीन संस्थेची असेल तर इतर हक्कात शासनाच्या कर्जाचा बोजा चढवून घ्या. नुसता अर्ज देऊन परत येऊ नका. फेरफाराची नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी ते काम झालं असं कधी धरलं नाही. ऑनलाइन उतारा काढून भागवणाऱ्यांना एवढंच सांगेन, जुना हस्तलिखित फेरफार उघडा. वाटण्या, बक्षीसपत्रं, खोडलेल्या नोंदी तिथे सापडतात.

गरीब सभासदांना नोटिसा धाडू नका

हे लिहिताना मला अजून राग येतो. एका संस्थेत माझ्या आधीच्या माणसाने सगळ्याच सभासदांना वसुलीच्या नोटिसा काढल्या, संपूर्ण शासकीय कर्जाच्या रकमेच्या. कोतवालाने त्या घरोघर वाटल्या. एक म्हातारी बाई दोन एसटी बदलून तालुक्याला आली. प्लास्टिकच्या पिशवीत शेअरची शंभर रुपयांची पावती होती. कुणीतरी जातीचा दाखला मागून नेला, अंगठा घेतला, तेवढाच तिचा कारखान्याशी संबंध. तिने विचारलं, "दादा, माझी जमीन जाईल का?" मर्यादित जबाबदारीच्या संस्थेत सभासदाची जबाबदारी त्याच्या मर्यादेपुरतीच, आणि कलम १५५ मध्येही आधी संस्थेच्या मालमत्तेतून वसुली करायला सांगितलं आहे. ती नोटीस कायद्याने टिकणारी नव्हतीच. पण त्या गावात दोन महिने कुणाला नीट झोप लागली नसेल. त्याहून वाईट म्हणजे खरी माहिती देऊ शकणारी माणसं गप्प झाली. सभासदांना बोलवा, चहा द्या, काय घडलं ते विचारा. पहारेकऱ्याच्या वहीसारख्या वह्या त्यांच्याकडेच असतात.

आणखी काही, थोडक्यात

दप्तराच्या प्रमाणित प्रती काढल्याशिवाय गुन्हा नोंदवायला धावू नका. पोलिस मूळ किर्द, खतावणी आणि प्रोसिडिंग बुक जप्त करतात आणि मग कलम ८८ ची चौकशी कशावर चालवणार? पहिल्याच दिवशी एफआयआर आणि बातमीत नाव, ही घाई तरुण अधिकाऱ्यांनी सोडावी. गुन्हा नोंदवायचाच, पण झेरॉक्सवाल्याकडे दोन दिवस बसून मग.

चालू कारखान्याच्या हिशेबाने मूल्यांकन करून घेऊ नका. तीन लिलाव रिकामे जातात आणि तोपर्यंत पत्रे उडतात.

वीजबिलाची आणि ग्रामपंचायतीच्या कराची थकबाकी जाहिरातीतच लिहा. लपवली तर बोली लावणारा पैसे भरण्याच्या वेळी मागे फिरतो. सहकारी संस्थांच्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे होणाऱ्या स्थावराच्या विक्रीत १५ टक्के जागेवर आणि उरलेले १५ दिवसांत, यात सवलत देऊ नका. 'साहेब, महिनाभर थांबा' म्हणणाऱ्यासाठी मी एकदाच थांबलो आणि त्या महिन्यात मोटारी गेल्या.

माजी संचालक तडजोडीला आले तर आधी रक्कम भरलेलं चलन, मग बोलणी.

गावकऱ्यांपैकी कुणाला या मागे लागायचं असेल तर माहिती अधिकारात तीन कागद मागा: शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र आणि हप्ता सोडण्यापूर्वीचा स्थळपाहणी अहवाल. तिन्ही घेऊन शेडमध्ये जा आणि ओटे मोजा.

आणि अवसायनाची मुदत विसरू नका. कलम १०९ प्रमाणे ६ वर्षं, आणि वाढवून वाढवूनही तिला कमाल मर्यादा असते. त्यानंतर अवसायन संपलं असं धरलं जातं, मग वसुली झालेली असो वा नसो. ताबा घेतल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख पहिल्याच दिवशी फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहा, आणि बदली झाली तर कार्यभार देताना पुढच्या माणसाची त्यावर सही घ्या.