तटाचा इतिहास कसा लिहावा : सोलापूरच्या भुईकोटाच्या निमित्ताने

आपल्या गावच्या तटबंदीचा इतिहास लिहायचा असेल, तर ग्रंथालयात जाण्यापूर्वी तटाला एक सावकाश फेरी घालावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. समुद्रकाठच्या गावात ही फेरी ओहोटी पाहून घालावी लागते. सोलापुरात सिद्धेश्वर तलावालगतच्या भुईकोटाची फेरी पाणी उतरलेले असताना, सकाळच्या तिरप्या उन्हात घालावी. अशा उन्हात झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि भर दुपारी सपाट दिसणारा दगड वाचता येऊ लागतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, चुना किंवा तेल कधीही भरू नये. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि दगडात मुरलेले तेल परत निघत नाही. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवली की पुरे.

फेरीत मुख्यतः सांधे पाहावेत. घडीव चिरे कोठे संपतात, ओबडधोबड दगडांची डागडुजी कोठे सुरू होते, कोरीवकाम असलेला एखादा परका दगड मध्येच बसवला आहे काय, हे वहीत आकृती काढून टिपावे. भुईकोट बहमनी काळातला मानला जातो; पण पुढे आदिलशाही, निजामशाही, मोगल, मराठे आणि 1818 च्या मे महिन्यात इंग्रज, इतक्यांच्या हाती तो गेल्यामुळे साऱ्या तटाला एकच साल चिकटवणे चुकीचे ठरेल.

कागदपत्रांकडे वळताना आधी सनांचे गणित पक्के करावे. शकात 78 मिळवले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन मिळतो. मोडी कागदांतल्या सुहूर सनात (मृगापासून सुरू होणाऱ्या जुन्या कालगणनेत) मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि त्यानंतर 600 मिळवावेत. हिजरी वर्ष चांद्र असल्याने लहान असते. म्हणून त्या आकड्याला 0.97 ने गुणून 622 मिळवावेत. हिजरी 986 म्हणजे साधारण 1578. 1884 सालचे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर अवश्य वाचावे, मात्र त्यातले प्रत्येक विधान तटाशी ताडून पाहावे.

‘किल्ला हुंड्यात दिला होता’ ही कथा येथे हमखास ऐकू येते, आणि तिच्यात दोन घटना मिसळलेल्या असतात. 1524 मध्ये विजापूरच्या राजकन्येच्या विवाहात सोलापूर अहमदनगरला द्यायचे ठरले, पण दिले गेले नाही, आणि त्यावरून युद्धे झाली. पुढे 1565 च्या तालिकोटच्या लढाईच्या थोडे आधी चांदबिबीच्या विवाहात अहमदनगरने ते विजापूरला दिले. म्हणून सांगणाऱ्याला आधी विचारावे, हुंडा कोणाकडून कोणाकडे गेला?

वृद्धांशी बोलताना साल विचारू नये, कारण ते अंदाजाने सांगितले जाते. ‘आजोबा, हा भाग पडला तो बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?’ असे विचारले की उत्तर नेमके येते. सोलापुरात एकाच बुरुजाला मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी माणसे निरनिराळ्या नावांनी ओळखत असतील, तर ती सगळी नावे बोलणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावीत. प्रत्येक नोंदीपुढे समासात ‘दगड’, ‘कागद’ किंवा ‘तोंडी’ यांपैकी एक शब्द लिहावा, आणि मजकूर पक्का करताना तो शब्द गाळू नये.