नवा गेमिंग कन्सोल घेण्यापूर्वी मांडायचा हिशोब

दिवाळीच्या तोंडावर कन्सोलच्या जाहिरातींचा मारा सुरू झाला की रत्नागिरीतल्या आमच्या घरी जेवतानासुद्धा टेराफ्लॉप्सवरून, म्हणजे कन्सोल सेकंदाला किती आकडेमोड करतो या मापावरून, वाद रंगतात. अशा वेळी मी मुलांना आधी टीव्हीच्या मागे बॅटरी मारून पाहायला लावतो. टीव्ही साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच फ्रेम्स (चित्रे) दाखवणारा, आणि कन्सोलची केबल लावायची एचडीएमआयची जोडणी जुन्या पद्धतीची असेल, तर सेकंदाला १२० फ्रेम्स दाखवणारी जाहिरात आपल्यासाठी नाही, एवढे तिथेच कळते. प्लेस्टेशन ५ च्या सुरुवातीच्या खोक्यावर ८के (४के टीव्हीहूनही बारीक चित्र) असे ठळक छापलेले होते. पुढे ते काढून टाकण्यात आले. २०२० साली एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२ टेराफ्लॉप्स आणि प्लेस्टेशन ५ चे १०.२८ यांवरून केवढे रण माजले होते, पण विक्रीत पुढे राहिला तो कमी आकड्याचाच कन्सोल. म्हणून आकडे बाजूला ठेवून, घरात येत्या वर्षभरात खरोखर खेळले जातील अशा पाच गेम्सची नावे कागदावर लिहावीत आणि त्या कोणत्या कन्सोलवर मिळतात ते पाहावे. पाच नावे सुचत नसतील तर खरेदीची घाई नाही असे समजावे.

‘थांबा, किंमत उतरेल’ हा जुना सल्ला आता आंधळेपणाने पाळता येत नाही. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरला. याउलट भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आलेला प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांचा झाला. तरीही थांबण्यात अर्थ आहे, तो पहिल्या तुकडीतले दोष बाहेर येण्यापुरता. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मधला लाल दिव्यांचा बिघाड इतका पसरला की २००७ मध्ये तो बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टला त्या दोषापुरती वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली.

खरा हिशोब डिस्कच्या खाचेपाशी सुरू होतो. २०२२ च्या त्या दरवाढीनंतर डिस्कवाला प्लेस्टेशन ५ आणि डिस्क नसलेली डिजिटल आवृत्ती यांच्या किमतींत बरोबर दहा हजारांचा फरक होता, आणि मोठ्या नव्या गेमची किंमत तेव्हा ४,९९९ रुपयांपर्यंत जात होती. म्हणजे वाचलेले पैसे दोन गेम्समध्येच संपतात. आमच्या वाडीत चार घरांत मिळून एकच डिस्क फिरते, गणपतीला येणारे चाकरमानी खेळून झालेल्या डिस्क घेऊन येतात, आणि कंटाळा आला की ती विकताही येते. डिजिटल आवृत्तीत यातले काहीच होत नाही. मे महिन्यात आंब्याचे पैसे हाती आले की स्वस्तातली आवृत्ती घेऊन टाकण्याचा मोह होतो खरा, पण माझ्या मते कोकणातल्या घराला तीच महाग पडते.

त्यात इंटरनेटचीही भर आहे. शंभर जीबीची गेम ४० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला, वेग अखंड मिळाला तरी, साडेपाच तास लागतात. जुलैच्या वाऱ्यात फांदी केबलवर पडली की तेच काम चार दिवसांवर जाते. डिस्क घेतली तरी अपडेट उतरवावेच लागतात, पण मूळ भार बहुतेक वेळा हलका होतो. ऑनलाइन खेळण्याची वर्गणी आणि दुसरा कंट्रोलर हे खर्च मुले कधीच आधी सांगत नाहीत, ते आपणच कागदावर घालावेत. विजेची चिंता मात्र फारशी नको: दोनशे वॅट धरून रोज दोन तास खेळले तरी महिन्याला बारा युनिट होतात.

लाइट जाण्याची चिंता वेगळी. त्या बाबतीत जून २०२५ मध्ये आलेला निन्टेंडो स्विच २ मला आवडतो, कारण त्याला स्वतःची बॅटरी आहे आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ती दोन ते साडेसहा तास चालते. पण निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही. बाहेरून आणलेला कन्सोल बिघडला तर दाद मागायची कुठे, याचे उत्तर दुकानदाराकडून आधी घ्यावे. अन्य कन्सोल लाइट गेल्यावर चालू ठेवायचा तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस लागतो, आणि त्याचीही किंमत हिशोबात धरावी.

शेवटी खारी हवा. माझ्या आधीच्या कन्सोलच्या एचडीएमआय पोर्टवर दुसऱ्याच पावसाळ्यात हिरवट पूट चढले. नखाने खरवडले तर त्याची भुकटी बोटाला लागत होती. दुरुस्ती केंद्राने ‘ओल लागली आहे, वॉरंटीत बसत नाही’ असा शेरा मारून तो तसाच परत पाठवला. तेव्हापासून वॉरंटीची कलमे मी पैसे देण्यापूर्वी वाचतो. कन्सोल बंद शोकेसमध्ये न ठेवता मागेपुढे वीतभर जागा सोडावी, पावसाळ्यात तो आठवड्यातून दोनदा तरी चालवावा, आणि कापडाने झाकायचा असेल तर पूर्ण थंड झाल्यावरच झाकावा. दिवाळीत खरेदी केली असेल तर वर्षाची वॉरंटी संपण्यापूर्वी सप्टेंबरात, पाऊस ओसरताच, सगळे पोर्ट आणि डिस्कची खाच तपासून घ्यावी, आणि काही खटकले तर बिल घेऊन त्याच आठवड्यात केंद्र गाठावे.