शोभेचं गवत घेताय? आधी बुडखा बघा, मग तुरा बघा

जूनचा पहिला पाऊस झाला की कोल्हापुरात नर्सरीत पाय ठेवायला जागा नसते आणि आजकाल गुलाब-जास्वंदीच्या जोडीला लोकं शोभेचं गवत पण मागायला लागलेत. चांगलीच गोष्ट आहे, गवत वाऱ्यावर हललं की बाग जिवंत वाटते, कीड कमी, फवारणीची कटकट नाही. पण नुसता मोबाईलवरचा फोटो बघून गवत घेऊ नका एवढं कळकळीनं सांगतो. एकदा सुटलेलं गवत आवरत नाही, उसात हरळी आणि लव्हाळा भांगलून ज्याची कंबर गेलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. आणि रंकाळ्यातलं केंदाळ आठवा, ती जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, फुलं सुंदर दिसतात म्हणून माणसांनीच जगभर नेली. घाणेरी पण बागेसाठीच आणलेली, आज डोंगर भरलेत तिनं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. घरामागं टाकीचं पाणी सांडतं तिथं मी छत्रीसारखं गवत लावलेलं, उंच दांडा आणि टोकाला गोलाकार पसरलेली लांब पानं. दोन वर्षं लई छान दिसलं. मग वाढलं म्हणून कापून दांडे मागच्या ओल्या गटारीच्या कडेला टाकले आणि विसरून गेलो. महिन्याभरानं बघतो तर प्रत्येक छत्रीच्या मधोमध बारीक हिरवे कोंब आणि खाली पांढरी मुळं, म्हणजे कापून टाकलेला शेंडा पाण्यात पडला तरी त्याचं नवीन झाड होतं, हे मला विकणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. ते लव्हाळ्याच्याच जातकुळीतलं निघालं. पुढं दोन पावसाळे मी आणि शेजारच्या काकू खुरपं घेऊन तेच उपटत होतो.

तेव्हापासून मी नर्सरीत आधी बुडखा बघतो. पिशवीतनं रोप हळूच बाहेर काढायला सांगा, नाही म्हणाले तर पिशवीची कड खाली दुमडून बघा. सगळे फुटवे एकाच जागी गच्च आणि खाली दोऱ्यासारखी बारीक मुळं असतील तर ते ठोंब धरणारं गवत, आपल्या उसासारखं, ऊस पण गवतच की, जागच्या जागी फुटवे काढतो. पण मातीच्या कडेनं जाड, पांढरी, टोकदार काशी, म्हणजे जमिनीखालनं आडवी पळणारी खोडं, गोल फिरलेली दिसली, किंवा पिशवीच्या भोकातनं कोंब बाहेर आलेला दिसला तर ते रोप तिथंच ठेवा. पांढऱ्या पट्ट्यांचा नळ (बांबूसारखं उंच गवत) म्हणून जे विकतात ते याच प्रकारातलं, जमिनीखालनं सरकतं.

दुसरी गोष्ट तुरा. ठोंब धरणारं गवत पण बियांनी पसरू शकतं, आणि हिरव्या फाउंटन ग्रासचं तेच आहे. ते मूळचं उत्तर आफ्रिकेकडचं, शोभेसाठी हवाई आणि ॲरिझोनात नेलं, तिथं माळरानावर पसरलं आणि वाळलं की वणव्याला सरपण झालं. पंपास ग्रासचे मोठे पांढरे तुरे लग्नाच्या डेकोरेशनमध्ये बघून लोकं मागतात, पण त्यानं कॅलिफोर्निया, स्पेन, न्यूझीलंड सगळीकडं त्रास दिलाय, एका तुऱ्यात हजारो बिया आणि त्या वाऱ्यावर जातात. आपल्याकडं उघडी माळं आहेत, मसाई पठारासारखी गवताची पठारं आहेत, तिथं आपलं स्वतःचं गवत आणि पावसाळ्यातली फुलं आहेत, कशाला ही जोखीम घ्यायची?

तुरेवालंच पाहिजे असेल तर जांभळ्या पानांचं फाउंटन ग्रास घ्या, त्याला उगवणारं बी जवळजवळ धरतच नाही. खात्री करायची तर वाळलेला तुरा हातावर चोळून एका ट्रेमधल्या मातीवर टाका, तीन आठवडे ओल ठेवा, काही उगवलं नाही तर बिनधास्त. त्याला दिवसभर ऊन पाहिजे नाहीतर रंग मळकट हिरवा पडतो, आणि नदीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मुळं कुजतात म्हणून लाल माती, मुरूम मिसळून वाफा अर्धा फूट उचलून घ्या.

पण माझं पहिलं मत वाळ्याला. चार-पाच फूट उंच हिरवागार ठोंब, मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात, बाजूला पळत नाहीत, उताराची माती धरून ठेवतो. फक्त फुटव्यांवर वाढवलेला लागवडीचा वाळा घ्या, त्याला उगवणारं बी येत नाही, ओढ्याकाठचा रानटी उपटून आणू नका. कंपाउंडच्या कडेला फूट-फूट अंतरावर लावा, दोन पावसाळ्यात भिंत तयार होते. आणि गवती चहाला कमी लेखू नका राव, दारात दोन-दोन फुटांवर चार ठोंब लावले की कारंज्यासारखी पानं पडतात, तुरा सहसा येतच नाही, वर सकाळच्या चहाची सोय.

सावलीत, आंब्याखाली जिथं लॉन टिकत नाही तिथं मोंडो ग्रास. ते खरं गवत नाहीच, पण दिसतं तसंच, अगदी सावकाश पसरतं, सहा-सहा इंचावर लावा आणि पहिलं वर्ष धीर धरा.

पसरणारं एखादं आधीच घरात असेल तर कुंडीत ठेवा, पण कुंडी मातीवर नको, स्टँडवर किंवा फरशीवर, कारण खालच्या भोकातनं मुळं जमिनीत उतरतात. तुरे वाळायच्या आत कापा. कापलेलं नाल्यात टाकू नका, जयंती नाल्यात गेलेलं शेवटी पंचगंगेतच जातं. कडक उन्हात फरशीवर पार वाळवा, मग खतात.

फेब्रुवारीत ठोंब वीतभर ठेवून कापायचा, ऊस तोडल्यावर बुडख्यातनं परत फुटायला खोडवा ठेवतो तसाच, उन्हाळ्यात पाणी मिळालं की परत फुटतो. तीन वर्षांनी मधला भाग मोकळा पडला की पावसाच्या तोंडावर कुदळीनं दोन भाग करून वेगळे लावा. वाळ्याचा ठोंब काढाल तेव्हा मुळं फेकू नका, धुऊन सावलीत वाळवा आणि जुडी बांधून माठात सोडा.