डॉक्टर गावात टिकत नाही? आधी या चुका टाळा

गावात दवाखाने चालवणाऱ्या पुण्यातल्या ट्रस्टींच्या बैठकांत ठरलेलं वाक्य असतं, "डॉक्टर मिळतो हो, टिकत नाही." मग पगारवाढीचा ठराव होतो, चहा येतो, बैठक संपते. पगार चांगला हवाच. पण सोडून गेलेल्यांशी बोललो, तेव्हा पगाराचं नाव फार थोड्यांनी काढलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्वार्टर न बघता माणूस पाठवणं. भोरच्या पश्चिमेला डोंगरात एका संस्थेनं नुकतीच एमबीबीएस झालेली मुलगी जूनमध्ये रुजू करून घेतली. शाल-श्रीफळ, फ्लेक्स, फोटो, सगळं साग्रसंगीत. क्वार्टर उघडलं तर आत खताची पोती. ती हलवल्यावर कळलं, पत्रा गळतोय, मोटर जळालीय, संडासाला आतून कडी नाही. विश्वस्त म्हणाले, "दिवाळीपर्यंत करून टाकू." मुलगी गणपतीला घरी गेली, ती गेलीच. फ्लेक्सच्या पैशात निदान कडी आणि मोटर तरी झाली असती! मी आता ऐन पावसाळ्यात त्या खोलीत एक रात्र स्वतः झोपतो आणि मगच डॉक्टर पाठवायला हो म्हणतो. तीन महिन्यांत 'रिझल्ट' मागणाऱ्या सीएसआरवाल्या, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी वाटणाऱ्या पोरांनाही बोलावतो. त्यांना नेमकी तेव्हाच मीटिंग असते.

दुसरी चूक, रात्री एकटं सोडणं. भातलावणीत घोणस चावलेला माणूस येतो. काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये रक्त घेऊन ते गोठतं का, हे 20 मिनिटं न हलवता बघायचं. सापाच्या विषावरची लस द्यायची तर रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलीन हाताशी हवं. दाराबाहेर अख्खी वाडी. "ई-संजीवनी (सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवा) आहे की" म्हणणं सोपं आहे. अशा वेळी फोनवर ओळखीचा सीनियर डॉक्टरच हवा असतो. म्हणून रुजू होण्याआधी मी नवा डॉक्टर आणि सीनियर दोघांना पुण्यात एकत्र जेवायला बसवतो.

बाँडवर, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सेवेवर, विसंबू नका. त्यावर आलेला डॉक्टर पहिल्या दिवसापासून नीट-पीजीची, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेची तारीख मोजत असतो. त्याला अभ्यासाला वेळ दिलात तर निदान मन लावून काम करेल.

जोडीदाराची नोकरी आणि मुलांची शाळा मुलाखतीतच विचारा.

डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध 2010 चा कायदा आहे, पण पोलीस पाटलांशी ओळख पहिल्याच आठवड्यात करून द्या.

आणि रजेच्या काळातल्या बदली डॉक्टरचे पैसे वर्षाच्या बजेटमध्येच धरा, ऐनवेळी कुणी येत नाही.